सत्तर ग्रेनमधले वीस ग्रेन स्मोकलेस म्हणे!

शनिवारी भाचा माझ्या गॅरेजमध्ये आला तो पिस्तुलाच्या पावडरचा डबा घेऊनच. मी म्हटलं हे कशाला रे, तुझी रायफल शार्प्सची, म्हणजे जुन्या अमेरिकन बंदुकीची नक्कल, ४५-७० ची (.४५ इंची गोळी, मागे सत्तर ग्रेन दारू; ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग), तिच्या पोटात काळी दारू, जुन्या काळची बंदुकीची दारू जाते. तर म्हणे, "मामा, तुला आलं नाही का ते? सगळ्या ग्रुपवर फिरतंय." आणि फोन नाकासमोर धरला. 'काळ्या दारूच्या रायफलने हजार यार्ड : पाच गुपितं.' आलं होतं ना, तिघांनी पाठवलं होतं, मी न वाचता पुढे सरकलो होतो. पण आता त्याचा डबा माझ्या टेबलावर येऊन बसलाय म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांना ते आलं नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, काळी दारू दोनशे यार्डांपुढे निकामी, म्हणून वेग वाढवा. दोन, त्यासाठी सत्तरपैकी वीस ग्रेन दारू काढून तिथे स्मोकलेस (आजची बिनधुराची पावडर, भाच्याच्या डब्यातली) घाला. तीन, पुंगळीत (काडतुसाच्या पितळी खोळीत) दारू सैल ठेवा, हवा मिळाली की छान जळते. चार, गोळी कडक शिशाची ओता. पाच, नळी साफ करू नका, काजळी बसली की नेम पक्का होतो. शेवटी जुन्या काळच्या बिली डिक्सन नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याचा फोटो आणि 'जुन्या लोकांना हे माहीत होतं'.

दोन नंबर आधी घेतो, कारण बाकीच्यांनी नेम चुकेल, याने बोटं जातील.

काळी दारू म्हणजे सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० टक्के. ४५-७० ची पुंगळी बनली तीच १८७३ साली हिच्यासाठी, म्हणून मावेल तेवढी ठासून भरली तरी दाब रायफलला झेपेल इतकाच राहतो. स्मोकलेसची जात वेगळी. दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो, म्हणून ती मोजून चमचाभरच घालायची असते. या काडतुसासाठी अमेरिकेत ठरलेली दाबाची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. भाच्याच्या डब्यातल्या जातीची जलद पावडर याच पुंगळीत एकटी वापरतात तेव्हा हलक्या गोळीमागे दहा-बारा ग्रेनच्या आसपास पुरते. आणि हे महाशय सांगतात वीस ग्रेन घाला, वर पन्नास ग्रेन काळी दारू, वर पाचशे ग्रेनची गोळी! वाचतानाच मी तो डबा उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. भाचा म्हणतो, "अरे पण व्हिडिओत त्याने मारून दाखवलंय." दाखवलं असेल. ज्याची नळी फाटते तो व्हिडिओ टाकायला बसत नाही.

आता नाइलाजाने कबूल करतो, यात एक अर्धसत्य आहे. १९०० च्या आसपास काही टार्गेट शूटर खरंच काळ्या दारूच्या तळाशी चिमूटभर स्मोकलेस घालत. पण ते वेगासाठी नव्हे, काजळी कमी व्हावी म्हणून, आणि चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. आजच्या काळ्या दारूच्या सिल्युएट मॅचमध्ये (लोखंडी प्राणी पाडायच्या स्पर्धेत) असली मिसळ चालत नाही.

आता 'दोनशे यार्डांपुढे निकामी'. इथे मला एकच पुरावा द्यायचाय आणि तो पुरेसा आहे. २६ सप्टेंबर १८७४, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरचं मैदान, अमेरिका विरुद्ध आयर्लंड. दोन्हीकडे सहा-सहा माणसं, ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर प्रत्येकी पंधरा गोळ्या, एका गोळीला जास्तीत जास्त चार गुण. म्हणजे एका टीमचे पूर्ण गुण १०८०. अमेरिकेचे झाले ९३४ आणि आयर्लंडचे ९३१. दोन्हीकडे शंभर टक्के काळी दारू. अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टन, मागून काडतूस भरायच्या. आयरिश लोकांकडे चक्क रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, आणि तरी ते तीन गुणांनी हरले, तेही त्यांच्या मिल्नरची एक गोळी शेजारच्या टार्गेटवर गेली म्हणून. ती तिकडे बरोब्बर मधोमध लागली होती आणि गुण मिळाला शून्य! ते चार गुण धरले तर मॅच आयर्लंडची होती. शेवटची गोळी मारली कर्नल बोडाइनने, थोड्या वेळापूर्वी हातात बाटली फुटून हात कापलेला, त्यावर रुमाल बांधलेला, आणि हजार यार्डांवर मध्य साधला. दोनशे यार्डांपुढे निकामी म्हणे.

वेगाचं थोडं खरं आहे. वेग जास्त तर गोळी कमी खाली येते, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण लांबच्या नेमाला किती वेग यापेक्षा प्रत्येक वेळी तोच वेग मिळतो का हे जास्त लागतं. या रायफलीची गोळी सेकंदाला साधारण १२०० फुटांनी निघते, हजार यार्ड गाठायला तीन सेकंदांच्या वर घेते, तेवढ्या वेळात दीडेकशे फूट खाली आलेली असते. दोन गोळ्यांच्या वेगात दहा फुटांचा फरक पडला तरी टार्गेटवर फूट-दीड फुटाचा फरक दिसतो. आणि वेगाचा सारखेपणा हाच तर काळ्या दारूचा गुण आहे, नीट भरली तर.

नीट भरली तर! म्हणून तीन नंबर. 'सैल ठेवा' हे दोन नंबरचंच धाकटं भावंड. काळ्या दारूत गोळी आणि दारू यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायचीच नाही, नेम जातो तो जातोच, वर नळीच्या आत कडं उठून ती कायमची फुगू शकते. मी भाच्याला दाखवलं. दोन फुटी पितळी नळी उभी धरायची, खाली पुंगळी, वरून वजन केलेली दारू हळूहळू सोडायची. बारीक सरसर आवाज येतो, पोत्यातून बाजरी ओतल्यासारखा. तीच सत्तर ग्रेन नरसाळ्याने ओतली तर पुंगळीच्या काठाला येते, नळीतून सोडली तर चांगली खाली बसते. त्यावर जाड कागदाची चकती, मग डायने, म्हणजे प्रेसमधल्या साच्याने, दारू दाबायची. गोळीने दाबायची नाही, शिसं मऊ असतं, गोळीचं नाक चेपतं आणि मग ती कुठे जाईल ते तिलाच माहीत.

चार नंबर, कडक गोळी. उलटं आहे. वीस भाग शिसं, एक भाग कथील अशी मऊ गोळी ओततात, कारण काळ्या दारूचा धक्का बसला की तिचा बुड फुगून नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, भरून काढतो. कडक गोळी फुगत नाही, गॅस बाजूने निसटतो, नळीला शिसं चिकटतं. पुढे.

पाचवं मात्र माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं आहे. मी पहिल्यांदा न्यू मेक्सिकोत रॅटनला मॅचला गेलो तेव्हा हेच करत होतो. तिथे चार प्राणी असतात लोखंडाचे, २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढे. डुकरं बरी पडली, टर्कीची पहिली चार पडली, मग पाचवी गोळी कुठे गेली दुर्बिणीतून बघणाऱ्या स्पॉटरलाही दिसेना. संपल्यावर रॉडला कापड लावून घातलं तर तोंडाकडच्या पाच-सहा इंचांत रॉड अडकला. तव्यावर करपलेल्या पिठासारखा कडक थर! ही दारू जळली की अर्ध्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं, आणि रॅटनची हवा कोरडी, उंचीवरची. माझं लूब, गोळीला लावलेलं वंगण, तिथपर्यंत पोचेपर्यंत संपत होतं. शेजारचे आजोबा प्रत्येक गोळीनंतर एका नळकांड्यातून बंदुकीत फुंकर मारत होते, मला वाटलं काहीतरी देवधर्म आहे. तोंडाच्या वाफेने काजळी ओली राहते, बस. हेच रत्नागिरीला जुलैत असतं तर फुंकर मारायचीही गरज पडली नसती. काजळी दर गोळीला सारखीच ठेवायची, एवढंच त्या पाचव्या गुपितात खरं. साफ करू नका, हे खोटं.

आणि बिली डिक्सन. आधी म्हणायचं दोनशेपुढे निकामी, मग दाखवायचा १५३८ यार्डांवर मारणारा माणूस, एकाच मेसेजमध्ये! १८७४ च्या जूनमध्ये टेक्सासात अ‍ॅडोबी वॉल्सला त्याने ती गोळी मारली, ५० कॅलिबरच्या शार्प्सने, आणि स्वतः नंतर सांगितलं की तो नशिबाचा बार होता.

खरं लांबचं जे बिघडतं ते या यादीत नाहीच. वारा ताशी दहा मैलांचा आडवा असला तर हजार यार्डांवर गोळी दहाएक फूट ढकलतो. आणि रायफल एका अंशाने कलली तर अडीच फूट बाजूला, म्हणून पुढच्या माशीजवळ (नेम धरायच्या खुंट्याजवळ) ती इवलीशी पाण्याची बुडबुडी लावलेली असते. भाच्याच्या रायफलीवर ती आहे. ती कशासाठी हे त्याने अजून विचारलं नव्हतं.

डबा परत नेलाय. काल रात्री फोन आला, "मामा, ती फुंकायची नळी कुठे मिळते?" मिळते कशाला, रिकामी पुंगळी घे, बुडाला प्रायमरच्या जागी मोठं भोक पाड, एक्वेरियमची प्लॅस्टिकची नळी घट्ट बसव, आणि आधी रायफल रिकामी आहे ना ते बघ. गोळीमागे तीन लांब श्वास. रॅटनला पाच कर.