अगत्तीच्या कासवाला हात का लावू दिला नाही

नमस्कार सर,

मार्चमधल्या लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच्या आमच्या सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत. कासव अगदी हाताशी आलं असताना बोटवाल्याने हात लावू दिला नाही, तुमच्या आठ वर्षांच्या मुलीवर तो सगळ्यांसमोर ओरडला, माशांना घालायला नेलेला ब्रेडचा पुडा त्याने काढून घेतला, आणि काचेच्या तळाच्या बोटीची फेरी रद्द होऊनही पैसे परत मिळाले नाहीत, अशा तुमच्या तक्रारी आहेत. 'वेळासला कासवाची पिल्लं किती जवळून बघितली होती, इथे एवढे पैसे मोजून दुरूनच नमस्कार,' असंही लिहिलंत.

आधी पैशांचं. वारा सुटला म्हणून ती फेरी झाली नाही. माणशी 800 रुपये मी त्याच आठवड्यात परत करायला हवे होते, माझ्याकडून राहून गेलं. तुम्हा तिघांचे 2400 रुपये काल तुमच्या खात्यात जमा केलेत. उशीर झाला, माफ करा.

दुसरी चूक याहून मोठी आहे आणि तीही माझीच. आमच्या पत्रकावर मी 'कासवांशी दोस्ती करा' असं छापलं होतं. वर फोटो कुठला, तर एक माणूस कासवाच्या पाठीवर हात ठेवून पोहतोय. तो फोटो आमच्या सहलीचा नव्हता, नुसता छान दिसला म्हणून घेतला होता. तो पाहून आलेल्या लेकराने हात पुढे केला तर त्यात तिचा काय दोष? ते पत्रक मी रद्द केलं आहे.

पण बोटवाल्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला मान्य नाही. मी त्या वेळी पाण्यातच होते, तुमच्यापासून चार-पाच हातांवर. कासव खाली समुद्री गवत खात होतं. गवताची पात तोडतानाचा त्याच्या मानेचा तो बारीकसा हिसका मला स्पष्ट दिसत होता. मग ते थांबलं, मान वर केली आणि पुढचे दोन्ही पर हलवत सरळ वर यायला लागलं. तुम्हाला वाटलं ते आपल्याकडे येतंय. ते श्वास घ्यायला येत होतं. कासवाला फुप्फुसं असतात, चरत असताना त्याला थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. नेमकं त्याच्या डोक्यावर आपण सात-आठ जण गोळा झालो होतो आणि तुमची मुलगी दोन्ही हात पसरून बरोबर मधे होती. आपल्या विहिरीतल्या कासवासारखं समुद्री कासवाला डोकं पाठीखाली ओढून घेता येत नाही. घाबरलं की पळणं एवढंच त्याच्या हाती असतं, आणि इथे श्वास न घेताच पळायची वेळ त्याच्यावर आली असती.

आपले सगळ्यांचे कान पाण्यात, तोंडात नळ्या. बोटवाल्याने जोरात हाक मारली नसती तर ती कुणाला ऐकू गेली असती? त्याची भाषा मल्याळम, हिंदी तोडकीमोडकी, त्यामुळे ते आणखी कडक वाटलं. पोर घाबरली याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ही गोष्ट सुधारण्यासारखी आहे. आता पाण्यात उतरण्याआधी 'मागे सरा'ची हाताची खूण आम्ही सगळ्यांना, विशेषतः मुलांना, करून दाखवतो.

मुलीला हाताला धरून बाजूला घेतल्यावर ते कासव आपल्यापासून दोन हातांवर वर आलं, फुस्स करून एकदा श्वास घेतला, आपल्याकडे बघितलं न बघितलं आणि परत गवतात गेलं. गावाकडे चरणारी म्हैस येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघते आणि पुन्हा गवतात तोंड घालते, तसं. आपल्याला ते मैत्रीचं वाटतं. मला वाटतं, इथे माणसापासून धोका नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलंय, आणि तेही अलीकडे. याच बेटांवर एके काळी कासवं मारून त्यांचं तेल लाकडी होड्यांना चोपडायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे थांबलं.

आणि ज्या माणसाला तुम्ही उद्धट म्हणालात, त्याच्याबद्दल एक सांगते. तो मच्छीमाराच्या घरातला. लक्षद्वीपचं पोट टुना मासळीवर चालतं. ती काठी-गळाने धरतात आणि आमिषाला लागणारे बारके मासे बेटाजवळच्या उथळ पाण्यातून पकडतात. हिरव्या कासवांनी गेल्या वीसेक वर्षांत तिथलं समुद्री गवत कुरतडून पार बोडकं केलं, एका बेटाजवळचं संपत आलं की ती दुसऱ्या बेटाकडे वळतात. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात. गवत गेलं तर मासे कमी होतात आणि वर कासवं जाळीही फाडतात, अशी मच्छीमारांची तक्रार आहे. कासवावर राग धरायला त्याच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कारणं आहेत. तरीही त्याने त्या कासवाला श्वास घ्यायला वाट करून दिली. त्याला मी कामावरून काढावं असं तुम्ही सुचवलंत. ते मी करणार नाही.

वेळासची तुलना मला पटली नाही. मी तिथे तीनदा गेले आहे. तिथली कासवं वेगळ्या जातीची, ऑलिव्ह रिडले. मादी रात्री येऊन अंडी घालून जाते, गावकरी ती कुंपणात जपतात आणि पिल्लं निघाली की टोपलीतून आणून वाळूवर सोडतात. आपण बघतो ते दोरीच्या अलीकडून, आणि हात तिथेही लावू देत नाहीत.

ब्रेडचं सांगायचं तर, चार घास टाकले की मासे झुंबड करतात, फोटो छान येतो, पण प्रवाळावरचं शेवाळ खाणं हे त्यांचं काम मागे पडतं. लक्षद्वीपचं प्रवाळ 1998 आणि 2010 मध्ये गरम पाण्याने पांढरं पडून मोठ्या प्रमाणात मेलं, 2016 लाही तेच झालं. शेवाळ वाढलं तर त्यावर नवं प्रवाळ धरत नाही. म्हणून आमच्या बोटीवर खाऊ न्यायला बंदी आहे. हे मी निघण्याआधी सांगायला हवं होतं. आता बुकिंगच्या वेळीच लेखी देते.

तुमचे दोन तारे तसेच राहू द्या, बदला म्हणून मी सांगणार नाही. फक्त एक विनंती आहे. परतीच्या विमानात तुमची मुलगी वहीत त्या कासवाचं चित्र काढत होती. पाठीच्या मागच्या कडेला डावीकडे एक खाच तिने बरोबर दाखवली होती. मला ती दिसलीच नव्हती. बोटवाल्याला फोनवर विचारलं तर तो लगेच म्हणाला, हो, ते नेहमी त्याच गवतावर असतं. त्या चित्राचा फोटो मला पाठवाल का? त्याला पाठवायचा आहे.