आरशात बघायचं नाही!

बायकर्सचा क्लब आहे, पाऊस लागलाय, आणि तीस-पस्तीस गाड्या घेऊन कोकणात उतरायचा बेत शिजतोय? अभिनंदन. मागच्याच रविवारी आमच्या चौतीस गाड्या ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेल्या. म्हणजे गेल्या म्हणे. मी निव्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला भिजत उभा होतो. तेव्हा मोठा ग्रुप एकत्र कसा ठेवावा, हे माझ्याकडूनच ऐका.

सहाला चांदणी चौकात जमायचं ठरवा आणि सव्वासातला निघा.

टाक्या भरून आणा असं कुणाला सांगू नका. एकाची टाकी अकरा लिटरची, दुसऱ्याची पंधराची. त्या वेगवेगळ्या पंपांवर रिकाम्या होतात आणि सगळ्यांना सगळे पंप बघायला मिळतात.

निघण्याआधी ब्रीफिंग मात्र हवंच. आमच्या कॅप्टनने वीस मिनिटं मुळशी सत्याग्रह सांगितला. १९२१ साल, सेनापती बापट, टाटांचं धरण, शेतकऱ्यांच्या जमिनी. छान सांगितला, उगाच खोटं कशाला बोलू. गाड्या किती हे मोजायचं तेवढं राहिलं. शेवटच्या गाडीवर कोण, थांबायचं कुठे, घाटात रेंज गेली तर काय करायचं, असल्या फुटकळ गोष्टी काढून मूड घालवू नये.

नवखा गडी सगळ्यात मागे टाका. काही म्हातारे (मी त्यातलाच) सांगत बसतात की त्याला लीडरच्या लगेच मागे ठेवावं, म्हणजे त्याच्या बेताने सगळ्यांचा वेग राहतो. पण मग कर्ज काढून साडेसहाशे सीसीची गाडी घेतली ती काय नवख्याच्या वेगाने चालवायला? शिवाय मागे राहिलेल्याचा सराव होतो. पुढचा साठने निवांत चाललेला असला तरी मधे एक ट्रक, एक एसटी, दोन पर्यटकांच्या गाड्या घुसल्या की रांग रबरासारखी ताणते, आणि शेवटच्याला ती गाठायला ओल्या रस्त्यावर ऐंशी-नव्वदने पळावं लागतं. ज्याला सगळ्यात कमी येतं त्यानेच सगळ्यात जोरात पळायचं. शिकेल पोरगं.

धबधबा दिसला की ब्रेक मारा. वळणावरच.

डावा इंडिकेटर पिरंगुटला चालू करून मुळशीपर्यंत तसाच ठेवा. मागच्याचं लक्ष लागून राहतं.

फाट्यावर माणूस उभा करायची एक जुनाट पद्धत आहे, ती अजिबात वापरू नका. वळायची जागा आली की लीडरच्या मागचा गाडी बाजूला लावून उभा राहतो, सगळ्यांना हात दाखवतो, आणि शेवटची गाडी दिसली की तिच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर दुसरा. खिशात मोबाईल नव्हते तेव्हा आम्ही असेच फिरलो, आणि एकही माणूस हरवला नाही. आता मॅप आहे ना! माणगावला मोर्बा-म्हसळ्याकडे वळायचं होतं. आमचे दोघे मुंबई-गोवा हायवेने तसेच खाली गेले आणि लोणेऱ्याहून, तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या पाटीखालून, फोन करून विचारते झाले, ‘समुद्र अजून किती लांब?’

आता पंक्चरचं.

पंक्चर शेवटच्या गाडीलाच होऊ द्या. ती गाडी त्या नवख्याची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं पोर, पहिलीच राईड. मागचं चाक, तारांचं, आत ट्यूब. ट्यूबलेस असतं तर माझ्याकडच्या पट्टीने भोक बुजवून दहा मिनिटांत निघालो असतो. इथे चाक उतरवणं आलं. त्याला लागणारे पाने बॅकअपच्या गाडीत. बॅकअपची गाडी कुठे? सगळ्यांच्या पुढे! कारण ड्रोन त्याच गाडीत होता, आणि कॅप्टनला चौतीस गाड्या घाट उतरताना वरून शूट करायच्या होत्या. चौतीस! त्या व्हिडिओत मोजा, बत्तीस भरतील. तुम्ही मोजल्या नाहीत, कारण मोजायचं तुमच्या डोक्यातच आलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही थांबलो. रेंज नाही. धुकं असं की समोरून येणारी एसटी आधी ऐकू यायची, मग दिसायची. पोरगं सारखं विचारत होतं, ‘काका, ते परत येतील ना?’ मी म्हणत होतो, ‘येतील रे, कळेलच त्यांना.’ साडेबारापर्यंत मी हेच म्हणत होतो. मग एका रिकाम्या पिकअपवाल्याने आमच्या बरोबरीने गाडी वर चढवली, विळ्याला पंक्चरच्या दुकानापाशी उतरवली आणि पैसेही घेतले नाहीत. तो माणूस कुठल्या क्लबचा नव्हता. त्याच्या जॅकेटवर कवटी नव्हती, पाठीवर ‘ब्रदरहूड’ लिहिलेलं नव्हतं.

विळ्याला रेंज आली. पोराच्या आईचे सतरा मिस्ड कॉल. आमच्या ग्रुपवर दोनशेवर मेसेज: फोटो, अंगठे, सुरमई. मागचे कुठे आहेत, असा एक नाही. एक!

अरे, लाज वाटू द्या. आरसे काय दाढी करायला लावलेत गाडीला? आपल्या मागचा एक माणूस दिसतोय का, एवढंच प्रत्येकाने बघायचं असतं. दिसला नाही की हळू व्हा, तरी दिसला नाही की थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुम्ही दिसत नाही, म्हणजे तोही थांबतो. अशी रांग डोक्यापर्यंत आपोआप थांबते, त्याला ना इंटरकॉम लागतो ना ड्रोन. तो मुलगा दरीत गेला असता तर? चारला दिवेआगरला पोहोचलो तेव्हा कळलं, माणसं कमी आहेत हे तुमच्या लक्षात आलं ते जेवताना. चौतीस थाळ्या सांगितल्या होत्या, चार उरल्या. त्याही वाटून खाल्ल्या.

आणि काल कॅप्टनचा मेसेज, ‘काका, थाळीचे ३८० राहिलेत.’ देणार नाही. त्या पोराचेही कुणी मागायचे नाहीत.