रोमच्या राजांची यादी आणि आपलं आर्यांचं भांडण

घरच्या ग्रुपवर आर्य बाहेरून आले की इथलेच यावरून परत जुंपलीये. काका म्हणतात हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन गावच्या सांगाड्यात स्टेपचा (म्हणजे युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या लोकांचा, संस्कृत-लॅटिनसारख्या भाषा तिथून पसरल्या असं मानतात) अंश सापडला नाही (२०१९ चा पेपर, आपल्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात होते), विषय संपला. आतेभाऊ त्याच पेपरवरून बरोब्बर उलटं सिद्ध करतोय, तेव्हा नव्हता म्हणजे नंतर बाहेरून आला. सांगाडा एक आणि गुलाल दोन्ही पार्ट्यांनी उधळलाय! रोमात राहते म्हणून मला टॅग केलंय, तर इथलं सांगते.

रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन लोक राहायचे, रोमचे टार्क्विन राजे त्यांच्याकडूनच आलेले. इथल्या व्हिला जूलिया म्युझियममध्ये त्यांची एक मातीची शवपेटी आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली, वर नवरा-बायको जेवायच्या कोचावर रेलून बसलेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, तिच्या पायात वर वळलेल्या टोकाचे बूट, आणि दोघं असे मजेत हसतायत की बघत राहावं. त्यांची लिपी ग्रीकांकडून आली त्यामुळे वाचता येते, पण भाषा लॅटिनच्या नात्यातली नाही, संस्कृतच्या तर नाहीच. मग हे आले कुठून? जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणाला लिडियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आणि नंतरचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस म्हणाला छे, इथलेच. हा वाद दोन हजार वर्षं चालला. शेवटी २०२१ मध्ये ८२ जणांच्या जुन्या हाडांचा डीएनए तपासला तर एट्रुस्कन शेजारच्या लॅटिन लोकांसारखेच निघाले, स्टेपचा अंशसुद्धा तसाच. म्हणजे रक्त सारखं आणि भाषा पार वेगळी! जीन्स सापडले की भाषा आणि धर्म पण सापडला असं धरून चालणाऱ्या आपल्या दोन्ही पार्ट्यांनी हे एकदा नीट वाचावं.

रोमनांना स्वतःला मात्र शुद्ध मुळाची फार हौस दिसत नाही. त्यांच्याच कथेत मूळपुरुष एनियस ट्रॉयमधून पळून आलेला, आणि रोम्युलसने कॅपिटोलच्या टेकडीवर पळून आलेल्या कोणालाही आसरा देऊन गाव वसवलं, बायका कमी पडल्या तर शेजारच्या सबाईन लोकांच्या पळवल्या (याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही, असो). इ.स. ४८ मध्ये गॉलच्या (म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांना सेनेटमध्ये घ्यायला विरोध झाला तेव्हा क्लॉडियस बादशहाने भर सभेत राजेच मोजून दाखवले, नुमा सबाईन, थोरला टार्क्विन कोरिंथहून एट्रुस्कनांकडे आलेल्या ग्रीकाचा मुलगा, सर्व्हियस टुलियस युद्धात पकडलेल्या बाईचा. ते भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं फ्रान्समध्ये लिओंला सापडलंय.

म्हणून इटालियन लोक आपल्यापेक्षा शहाणे असं काही नाही हं. मुसोलिनीने मे दिन बंद करून २१ एप्रिल, म्हणजे रोमच्या स्थापनेचा पारंपरिक दिवस, सुट्टीचा केला, आणि १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध वंशाचे कायदे आणले, तेही ज्या शहराच्या राजांची अर्धी यादी बाहेरच्यांची आहे तिथे बसून.