मगे शिंकतस कित्याक?

देवगडात राहून आंब्याच्या मोहोराला शिंकणं म्हणजे पंढरपुरात राहून टाळांच्या आवाजाने डोकं धरण्यासारखं आहे. बोलायची सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत मोहोर फुटला की आमच्याकडे लोक कलमांखाली नातवाच्या बारशाला आल्यासारखे उभे राहतात आणि मी त्यांच्या मागे रुमालात तोंड खुपसून उभा असतो. "मोहराचो वास सोसना नाय तुका?" असं शेजारच्या तात्यांनी एकदा विचारलं, तेव्हा मी बाग विकायला काढल्याइतकी काळजी त्यांच्या आवाजात होती.

बरं, मोहोरापुरतंच असतं तर तेवढे दोन महिने मी मावशीकडे कोल्हापूरला काढले असते. पण मोहोर संपतोय तोवर भाजावळ सुरू होते. भाताच्या तरव्याच्या जागेवर सुका पातेरा आणि फांद्यांची कवळं पसरून पेटवली की धूर माझ्या खिडकीचा पत्ता विचारत येतो. मे महिन्यात चाकरमानी येतात, त्यांच्या अंगावरचे सेंट येतात. जूनपासून धो धो पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या भिंतींत शिरतो. चार दिवस पडवीत लोंबणारा टॉवेल अखेर चुलीवर वाळवतात. मग त्याला धूर, ओल आणि कालच्या बांगड्याचा मिळून जो वास येतो, त्याने तोंड पुसायचं. उरलीसुरली कसर भरून काढायला गणपतीतला धूप आणि कापूर आहेच.

पहाटे साडेपाचला पहिली शिंक. आमच्या घरात गजर कुणी लावत नाही. शिंकांची संख्या सहसा दहाच्या पुढे, मग छातीत पेटीच्या भात्याला भोक पडल्यासारखी शीळ. शीळ एकवेळ लपवता येते, शिंक नाही. एकदा वाडीत सुपारी फोडायची बैठक होती. मुलाचे मामा ठासून म्हणाले, "आमचो झील सुपारीच्या खांडाक हात लावणा नाय," आणि मी शिंकलो. मुलीकडचे म्हणाले, "सत्य आहे!" मुलाकडचे म्हणाले, "अपशकुन!" मला तिसरा पक्ष घेऊन माजघरात जायचं होतं, पण तोवर सतराच्या सतरा बाहेर पडल्या. जोडशिंक शुभ असते, पण सतरा ही जोडी धरायची की नाही यावर दोन म्हातारे भांडले. लग्न झालं. मुलगा तंबाखू खातो. माझी शिंक कोणत्या खात्यात लिहायची, ते अजून ठरलेलं नाही.

घरगुती उपाय मी सगळे केले. आडुळसा, गवती चहा, आलं-मध, वेखंड. काकींनी तर सोलकढीच बंद केली. तीन महिने मी सोलकढीवाचून मासे जेवलो आणि तेवढ्याच शिंका मोजल्या. यापेक्षा मोठा त्याग आमच्या घराण्यात कुणी केलेला नाही.

शेवटी कोल्हापूरला ऍलर्जीची टेस्ट करायची ठरलं. टेस्टच्या आधी आठवडाभर शिंकेची गोळी बंद ठेवायची असते, नाहीतर कातडी गप्प बसते आणि काहीच कळत नाही. तो आठवडा घरच्यांनी कसा काढला ते त्यांनाच विचारा. फोंडाघाट चढताना धुक्यात एस्टीच्या कंडक्टरने मला पुढची सीट दिली ती दयेने नव्हे, मागची माणसं उठून उभी राहिली म्हणून. आणि घाट ओलांडून कोल्हापूरच्या कोरड्या हवेत उतरलो तर काय? एक शिंक नाही. घरभर रडणारं पोर डॉक्टरांच्या दारात खेळायला लागतं ना, तसं माझं नाक.

हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे काढले. एकेका आकड्याशेजारी एकेक थेंब: धुळीतले किडे, मांजर, गवताचे पराग, दोन-तीन तऱ्हांच्या बुरशी, झुरळ. (झुरळाचा अर्क काढायची नोकरी करणारा माणूस घरी जेवताना काय सांगत असेल, या विचारात माझं अर्धं दुखणं विसरलं.) मग थेंबाथेंबातून सुईने हलकी टोच, आणि वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. माझं लक्ष हातावरून हलेना. शाळेत पास व्हावं म्हणून मी देवाला नारळ बोलायचो. इथे एका तरी विषयात नापास कर, असं रामेश्वराला विनवत होतो. तेवढ्यात एक आकडा लाल झाला, टरारून फुगला, खाज सुटली. मी आनंदाने ओरडलो, "बाई, हा बघा, फुगला!"

"तो हिस्टामिनचा," नर्सबाई म्हणाल्या. "तो सगळ्यांचाच फुगतो. तुमची कातडी जागी आहे का, ते बघायला ठेवलेला असतो."

बाकी हात सपाट. ऍलर्जी असली की रक्तात सहसा वाढतं ते आयजीईसुद्धा हद्दीत. झुरळ निर्दोष, मांजर निर्दोष, बुरशी निर्दोष. आरोपी म्हणून उरलो मी एकटा.

नॉर्मल रिपोर्टसारखं वाईट दुखणं नाही. शत्रूचं नाव सापडलं असतं तर निदान लोकांना सांगता आलं असतं, की हे ह्याच्यामुळे. आता तात्या कागद उलटासुलटा करून बघत विचारतात, "नॉर्मल आसा मा? मगे शिंकतस कित्याक?" आईला पेढे वाटायचे होते. बायको काही बोलली नाही, फक्त त्या संध्याकाळी माळा झाडायचं काम माझ्याकडे आलं. कारण रिपोर्टप्रमाणे मला धुळीचं काही नव्हतं.

माळा झाडला त्या रात्री मी पाटाला हात टेकून, पुढे वाकून श्वास ओढत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कणकवलीला छातीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी कोल्हापूरचा कागद वाचला आणि विचारलं, "बागेत माकडं येतात?"

"येतात की."

"पुढल्या गडग्यावर राखण्या बसवलात आणि त्याला एकही माकड दिसलं नाही, म्हणून आंबे शाबूत असतात का? ती मागल्या परसातून येतात. ही टेस्ट फक्त आयजीईची वाट बघते. दमा ऍलर्जीशिवायही असतो. धूर, उग्र वास, दमट हवा, गारठा यांनी नाक आणि श्वासनळ्या नुसत्या चिडतात, त्यात आयजीईचा हात नसतो. काहींच्या बाबतीत तर ऍलर्जी नाकाच्या आतच असते, कातडीला आणि रक्ताला तिची खबरही नसते."

मग त्यांनी नळीत फुंकायला लावलं. नाकाला चिमटा, आणि समोर उभा राहून एक पोरगा पालखी नाचवल्यासारखा ओरडतोय, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग औषधाचा पंप दिला, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकवलं. पहिल्या आणि दुसऱ्या फुंकीत बारा टक्के आणि दोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक पडला तर दम्याच्या बाजूने पुरावा. माझा एकोणीस टक्के. मी तो कागद दोनदा मागून घेतला. एक फाइलला, एक तात्यांना.

रोज दोन वेळा पंप, वर चूळ भरायची, नाहीतर औषधाने तोंड येतं. गावात 'पंप लागला' म्हणजे माणूस संपला, अशी समजूत. त्यात हंगामात आमच्याकडे पंप म्हणजे फवारणीचा. सकाळी गडी अंगणातून ओरडतो, "पंप मारलास?" आणि मी आतून "हो, दोनदा" म्हणतो. एका वर्षी वरच्या कुणग्यातली कलमं या संवादामुळे बिनफवारणीची राहिली आणि तुडतुड्याने अर्धा मोहोर नेला. माझं नाक त्या हंगामात जरा बरं होतं, हे मी कुणाला बोललो नाही.

डॉक्टरांनी एक काम आणखी दिलं होतं. कशाने त्रास होतो याची रोजची नोंद. खताच्या दुकानाने दिलेल्या डायरीत मी मन लावून लिहिलं. 'मंगळवार. काकींनी सुकट भाजली. शिंका 14.' 'गुरुवार. गावात मयत. ऊद. रात्री शीळ.' 'रविवार. काहीच झालं नाही, तरी शिंका 9. संशयित: पावाचा तुकडा, नवीन साबण, मेव्हणा.' खोकला रात्री कधी येईल सांगता येत नाही, म्हणून डायरी उशाशीच ठेवायचो.

गणपती झाल्यावर ती घेऊन कणकवलीला गेलो. डॉक्टरांनी उत्साहाने उघडली. एक पान, दोन पानं. मग त्यांनी नाक ओढलं, मान वळवली आणि जोरात शिंकले. डायरी बोटांच्या टोकात धरून खिडकीच्या उजेडात नेली. पानांच्या कडांना हिरवट लव आली होती.

"ही कुठे ठेवत होता?"

"उशीखाली."

"कधीपासून?"

"जूनपासून."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मेव्हण्याच्या खाली लिहिलं: 'डायरी.'