म्हणे, नुसता दगड आहे!

आमच्या पर्यटन अंकाचे फोटो निवडताना आज पुन्हा तेच ऐकलं. "यात काय आहे? नुसता दगड तर आहे." डोकं सणकलंय माझं.

नुसता दगड? अहो, एका जुन्या वास्तूचा उंबरठा आहे तो. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेला. फोटोग्राफर तिथे उजाडायच्या आधी जाऊन थांबला होता, कारण ऊन डोक्यावर आलं की दगड सपाट दिसायला लागतो. सकाळचं तिरकं ऊन त्यावरून घसरत गेलं तेव्हा छिन्नीचा एकेक घाव उठून दिसला. कडेचे घाव कालच घातल्यासारखे स्पष्ट, आणि मध्याकडे येता येता पुसट होत पार नाहीसे झालेले. हा एक फोटो पानभर लावला असता तर लेखातले दोन परिच्छेद लिहायची गरज नव्हती. तो बाद झाला.

त्याच्या जागी काय आलं? ड्रोनने काढलेला बुरूज आणि मागे केशरी-जांभळं आकाश. ते आकाश त्या दिवसाचं नाहीच मुळी! मी फोटो मोठा करून सगळ्यांना दाखवला. सूर्य बुरुजाच्या मागे मावळतोय, तरी बुरुजाची आपल्याकडची बाजू लख्ख उन्हात, आणि सावली पडलीय ती सूर्याच्याच दिशेला. सावली कधी सूर्याकडे पडते का? शाळेतलं पोर सांगेल. त्यावर उत्तर मिळालं, "एवढं कोण बघतं?"

वाचक बघतो. आणि त्या क्षणी नाही बघितलं, तरी तो तिथे जातो ना! पर्यटनाचाच अंक आहे हा. माणूस रजा टाकतो, पोराबाळांना घेऊन निघतो, तासन् तास प्रवास करून पोचतो आणि समोर साधं राखाडी आकाश नि गवत उगवलेला बुरूज बघून म्हणतो, "एवढंच?" या "एवढंच"चा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या वास्तूची काय चूक? ती जशी आहे तशी उभी आहे. खोटं आपण बोललो आणि नाव तिचं खराब झालं.

फोटोशॉपमध्ये २०२० साली आयतं आकाश बदलायची सोय आली, तेव्हापासून हे फोटो ढिगाने येतात. पण खोड जुनीच आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते, का, तर आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसेना. त्यावरून केवढी टीका झाली! चाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला. आणि आमच्याकडे आजही मुखपृष्ठाची वेळ आली की सगळे आडवेच फोटो पुढ्यात. अहो, आडव्या फोटोतून ए-फोर आकाराचा उभा तुकडा कापला तर निम्मासुद्धा फोटो उरत नाही. जाण्याआधी फोटोग्राफरला एक निरोप द्या, "दोनचार उभेही काढ." एवढं जमत नाही?

दुसरा छळ म्हणजे "जरा साफ करा." तारा काढा, फलक काढा, झाडणारी बाई काढा, भिंतीची भेग बुजवा. ती बाई फ्रेममध्ये होती म्हणून कमान किती उंच आहे ते कळत होतं. तिला काढल्यावर तीच कमान खेळण्यातल्यासारखी दिसतेय. आणि भेग बुजवायची? फोटो नुसती शोभा नसतो, पुरावा असतो. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ साली स्फोटांनी उडवल्या. त्यानंतर मोठ्या मूर्तीचा त्रिमितीय नमुना संगणकावर उभा करता आला, कारण १९७० साली कुणीतरी मोजमापासाठी तिचे नीट फोटो काढून ठेवले होते. त्या माणसाने भेगा बुजवल्या असत्या तर? उद्या ही भिंत पडली आणि कुणी आपला अंक उघडला, तर त्याला काय सापडणार? गुळगुळीत, कधीच नसलेली भिंत!

फोटो पाठवण्याबद्दल तर बोलून बोलून तोंड दुखलं. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की फोटो आक्रसतो, लांब बाजू कशीबशी १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईत इंचाला ३०० ठिपके धरले तर, तो साडेतेरा सेंटिमीटर छापता येतो. ए-फोर पानाला उभे ३,५०८ पिक्सेल लागतात. "मोबाइलवर तर छान दिसतोय," हे मला नका सांगू. मोबाइल तळहाताएवढा असतो, पान नसतं. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ईमेल करा, पेनड्राइव्ह द्या, काहीही करा.

आणि "सौजन्य: इंटरनेट". हे दोन शब्द दिसले की माझं रक्त उसळतं. इंटरनेट पहाटे उठून गेलं होतं का तिथे? पाय घसरत कड्यावर इंटरनेट चढलं का? प्रत्येक फोटोमागे एक माणूस असतो. त्याला विचारायचं, त्याचं नाव छापायचं, ठरलेलं मानधन द्यायचं. नाव सापडत नसेल तर फोटो छापायचा नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे काढणाऱ्याने काही अटींवर फुकट वापरायला दिलेल्या, बहुतेक फोटोंनाही श्रेय द्यावंच लागतं. फुकट म्हणजे बेवारस नव्हे.

आज संध्याकाळी छपाईआधी तपासायचं प्रूफ आलं. मुखपृष्ठावर तोच बुरूज, तेच जांभळं आकाश. उंबरठा आत सदतिसाव्या पानावर, तिकिटाएवढा. त्यात घाव दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. मुखपृष्ठाची फोटोओळ लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी फक्त ठिकाणाचं नाव लिहिलं आणि पुढे "आकाश संगणकावर बदललेले" हे तीन शब्द घातले. सकाळी फोन येईलच, "ते तीन शब्द काढा." मी काढणार नाही.