एल्बाखझेमधला ‘गाळ’ का काढत नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं मनापासून लिहिलंत म्हणून उत्तरही जरा मोठंच देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलातलं एल्बाखझे तळं बुजत चाललंय आणि मी त्या दलदलीचंच कौतुक करत बसलेय, जर्मनीकडे पैसा आहे, मशीन आहेत, मग पोकलेन लावून गाळ का नाही काढत, आमच्या गावात काढला तर विहिरींना पाणी आलं.

गावच्या कामाबद्दल वादच नाही. पाझर तलाव आपण पाणी अडवायला बांधतो, त्यात शेतातली माती वाहून येते, ती काढून परत शेतात टाकली की दोन्हीचं भलं होतं. एल्बाखझे कोणी बांधलेलं नाही. हिमयुगात तिथल्या डोंगराच्या सावलीतल्या बाजूला बर्फ साचून छोटी हिमनदी झाली, तिने तो लाल वालुकाश्म कोरून खळगा केला, पुढे दगडगोट्यांचा बांध टाकला आणि बर्फ वितळल्यावर आत पाणी राहिलं. असे खळगे त्या भागात कितीतरी आहेत, पण बहुतेकांतलं तळं कधीच बुजून गेलंय, मुमेलझेसारखी मोजकीच उरलीत.

आणि आत भरतंय ते मुख्यतः माती नाही, पीट आहे, म्हणजे पुरतं न कुजता साठलेल्या वनस्पतींचा थर. पाणी थंड, आम्लधर्मी, पोषणद्रव्यं जवळपास नाहीत, अशा पाण्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ काठाकडून आत सरकत जातं, दुधावर साय धरते तसं, आणि त्याच्यात गवतांची मुळं गुंतून तरंगता थर तयार होतो. वरून वाढतं, खालून मरतं, पण खाली ऑक्सिजनच नाही म्हणून कुजत नाही, साठत राहतं. अशा दलदलीत पीट वर्षाला साधारण १ मिलिमीटर चढतं, म्हणजे १ मीटरला हजारेक वर्षं! पोकलेनला तेवढं उपसायला एक सकाळ पुरेल. शिवाय त्या थरांत जुने परागकण जसेच्या तसे टिकतात, कुठल्या काळी आजूबाजूला कुठली झाडं होती ते शास्त्रज्ञ त्यावरून वाचतात, ते सगळं ट्रकमध्ये भरून न्यायचं का?

कार्बनचं तर विचारूच नका. पीटची जमीन जगातल्या एकूण जमिनीच्या जेमतेम ३ टक्के, पण जगातल्या सगळ्या जंगलांत मिळून नाही इतका कार्बन तिच्यात आहे. उपसून उघड्यावर टाकलं की हवा लागते, कुजायला लागतं आणि तो कार्बन वर जातो. जर्मनीने शेतीसाठी, सरपणासाठी चर खणून आपल्या बहुतेक दलदली सुकवल्या आणि आता तेच चर पैसे खर्चून बुजवतायत. कुंड्यांच्या मातीच्या पिशवीतसुद्धा पीट असतं इथे, मी बाल्कनीसाठी ‘टॉर्फफ्राय’ म्हणजे पीट नसलेलीच घेते, इथे राहणाऱ्या तुमच्या मुलालाही सांगा.

‘डबक्यात बघायचं काय’ हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. ब्लॅक फॉरेस्टमधल्याच काल्टनब्रॉनच्या दलदलीत फळ्यांची वाट आहे, तिथे वाकून बघा, बोटाच्या नखाएवढं गोल पान, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट. दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप! आपल्या कास पठारावर याचीच भावंडं आहेत. जमिनीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून किडे खाऊन जगतं बिचारं, तळं खरवडलं तर ते जाणार कुठे?

मोकळं पाणी कमी होतंय याचं वाईट मलाही वाटतं, चतुर आणि पाणकिड्यांना ते लागतंच. पण काळजी करायची तर कोरड्या उन्हाळ्यांची आणि हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनची करूया, कारण त्याने दलदलच बिघडते.

मे महिन्यात मुलाकडे येताय ना, तर क्नीबिस गावाजवळ एल्बाखझेब्लिक म्हणून गॅलरी आहे, तिथून तळं वरून पूर्ण दिसतं. खाली उतरलात तर वाट सोडू नका, तो हिरवा थर जमिनीसारखा दिसतो पण पाय टाकला की खाली पाणी असतं, आणि पायाखाली चिरडलेलं स्फॅग्नम लवकर सावरत नाही.