ला फोंतेनची मुंगी शहाणी कधी झाली?

‘फ्रेंच कवी ला फोंतेनचं शहाणपण एका ओळीत: मुंगी व्हा, टोळ होऊ नका. इसापाच्या गोष्टी त्यानं मुलांसाठी पद्यात आणल्या.’ हा मजकूर फोनवरून फिरत असतो. त्यात या कवीवर अन्याय आहे.

आधी मुंगी. 1668च्या संग्रहातली ही पहिलीच कविता. तिच्या शेवटी तात्पर्य नाहीच. गाणारा किडा भीक मागत नाही. पुढच्या सुगीपर्यंत चार दाणे उसने मागतो, व्याजासकट फेडायचं वचन देतो. कवी मध्येच म्हणतो, उसनं देणं मुंगीच्या स्वभावात नाही, आणि हा तिचा सर्वांत लहान दोष. मग मोठे दोष कोणते? ते ‘गात होतास ना? आता नाच’ या तिच्या उत्तरात दिसतात. मुलं यातून निष्ठुरपणा शिकतील, अशी तक्रार रूसोनं 1762मध्येच केली होती.

‘मुलांसाठी’ हे अर्धंच खरं. पहिला संग्रह राजा चौदाव्या लुईच्या बालवयातल्या मुलाला अर्पण आहे, पण दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीची प्लेगची कथा वाचा. सर्वांत मोठ्या पाप्याचा बळी द्यायचं ठरतं. सिंह कबूल करतो की मेंढ्या खाल्ल्या, कधीकधी मेंढपाळही. कोल्हा म्हणतो, महाराज, तो तर मेंढ्यांचा सन्मान! गाढवानं मठाच्या कुरणातलं जिभेएवढं गवत खाल्लेलं असतं; बळी त्याचा जातो. तुम्ही बलवान की दुबळे, यावर दरबार तुम्हाला पांढरं (निर्दोष) किंवा काळं (दोषी) ठरवतो, असं कवी स्पष्ट लिहितो. त्यानं हे जवळून पाहिलं होतं. त्याचा आश्रयदाता, अर्थमंत्री फूके, याला 1661मध्ये अटक झाली. न्यायाधीशांनी हद्दपारी सुनावली, राजानं ती वाढवून जन्मठेप केली. फूकेसाठी ला फोंतेननं राजाकडे कवितेतून दया मागितली होती.

राहिला इसाप. पहिल्या संग्रहापुरतं ते बरंचसं ठीक. 1678च्या प्रस्तावनेत मात्र तो ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञान्याचं ऋण मानतो. म्हणजे आपलंच पंचतंत्र, अरबी-फारसीतून फ्रेंचमध्ये पोचलेलं. पण त्यानं नुसती नक्कल केली नाही. आपला कासव तळं आटतंय म्हणून हंसांबरोबर निघतो आणि खालचा गलका ऐकून तोंड उघडतो. ला फोंतेनची कासवी बिळाला कंटाळून जग पाहायला निघते. लोक ‘कासवांची राणी चालली!’ म्हणून ओरडतात, आणि ‘होय, मीच ती’ म्हणताना तिच्या तोंडातली काठी सुटते.